साबळेबाईची येळवस

नाव तिचं सबेला.
दुसऱ्याच दिवशी गावानं तिला साबळेबाई केली
आणि हजेरीच्या वहीत मीही तसंच लिहिलं,
रकान्यात तेवढंच मावत होतं.

स्पेनच्या वरच्या कोपऱ्यातला तिचा मुलूख, गालिसिया,
म्हणे तिकडं कपडे वाळतच नाहीत.
आमच्या अंगणवाडीत लेकरं तोलायला आली होती.
झोळीत पोर टाकायची, काटा थरथरून थांबायचा,
नऊ किलो दोनशे, मी म्हणायची,
नऊ किलो दोनशे, ती म्हणायची.
अशी मराठी आकड्यांपासून शिकली.
तिखटानं डोळे गळायचे, तरी 'आणखी' हा शब्द
तिनं लवकर उचलला.

येळवशीला औशाच्या बाजारात कुत्रंसुद्धा नसतं.
आम्ही टेम्पोत बसून दिराच्या शेतावर निघालो,
भज्जीचं पातेलं तिच्या मांडीवर,
दर खड्ड्याला ती त्याला पोरासारखं कवटाळायची.

कडब्याची कोप. आत चुना लावलेले दगड.
कोण हे?
पांडव.
आणि हा बारका?
द्रौपदी.
तिच्याकडं ती जरा जास्तच वेळ वाकून बघत राहिली.

जावेनं तिच्या डोक्यावर घोंगडं टाकलं,
वर आंबिलाचं बिंदगं दिलं.
पुढं विश्वंभर गव्हावर शिंपडत,
मागं आम्ही सगळे ओरडत,
ओलगे ओलगे सालम पलगे!
म्हणजे काय, तिनं विचारलं.
मी दिराकडं बघितलं, दिरानं जावेकडं,
जाऊ ज्वारीकडं बघायला लागली.
जन्मभर ओरडत आलो, कुणी पुसलंच नव्हतं.
तिला मात्र बरं वाटल्यागत झालं.
म्हणाली, आमच्याकडं आगीपुढं जे म्हणतात
त्यातलं अर्धं पाद्र्यालाही कळत नाही.

दिवस कलला तशी आगटी पेटली.
कोवळी कणसं, गोवऱ्यांचा विस्तव, तळहातावर चोळलेला हुरडा.
तिकडं याच थंडीच्या तोंडाला चेस्टनट भाजतात,
चिंचोक्यासारखे तपकिरी, पण लिंबाएवढे,
आणि काजळी एकमेकांच्या तोंडाला फासतात.
कशी, असं मी विचारायच्या आत
माझ्या गालावर तिची चार बोटं उमटली.
गालाला कुणाचा हात लागून
किती वर्षं झाली होती, मोजलं नाही.

हेंडगा पेटला तेव्हा तर
तिनं चपला काढल्या आणि जाळावरून उडी घेतली.
दिगंबरमामा ओरडले, बाई, भाजंल की!
सात उड्या मारल्या की चेटकिणी लांब राहतात, म्हणाली.
मामा म्हणाले, आमच्या चेटकिणींना मोजता येत नाही,
तू एकच मार.

निघताना सगळे भांडी आवरत होते.
ती आगटीजवळ बसून
एका सपाट दगडावर मूठभर हुरडा ठेवत होती.
काय करलालीस गं?
तिनं शब्द शोधले. तोलायच्या वहीत नसलेले.
जे गेले. थंडी. रात्री येतात. शेकायला.
मी विचारलं, किती?
आमचे दोन, ती म्हणाली.
मग माझ्याकडं बघितलं. विचारलं नाही काही.

माझी धाकटी बहीण केवळा,
तेरणेकाठच्या जुन्या गावात,
त्र्याण्णव साली, गणपती बोळवून निजलेली.
कुशीत तिचं पोर, तीन महिन्यांचं.
त्याला कुणी तोललं नव्हतं.

मी दुसरी मूठ ठेवली.
मग वाटलं, दात नसलेल्याला हुरडा काय कामाचा.
बिंदग्याच्या तळाशी घोटभर आंबील होती,
ती दगडाच्या खळग्यात ओतली.

टेम्पोत जाऊ म्हणाली, थोडी घरी न्यायची असती
पोरांना, बिंदगं रिकामं कसं?
सांडली, म्हटलं.
साबळेबाई बाहेर बघत होती.
रानारानात हेंडगे फिरत होते अजून,
आणि काजळी तिच्या गालावर, माझ्याही,
ती पुसायची आठवण दोघींनाही राहिली नाही.